इंजिन मोडीत काढायचे की पुन्हा उभे करायचे?



विहिरीच्या काठावर, गोठ्याच्या कोपऱ्यात, नाही तर निंबाच्या झाडाखाली एक ऑइल इंजिन गंजत पडले आहे, असे घर शोधायला कोरडवाहू मुलखात लांब जावे लागत नाही. वडिलांनी नाही तर आजोबांनी ते घेतले. दहा-वीस वर्षे त्याने पाणी ओढले, कडबा कापला, एखाद्या घरी गिरणीही चालवली. मग विजेचा पंप आला आणि इंजिन बाजूला पडले. आता दर उन्हाळ्यात भंगारवाला दाराशी येतो, चाकाला हात लावतो आणि एक आकडा सांगतो. धाकटा म्हणतो, देऊन टाका. म्हातारा म्हणतो, राहू द्या. मिस्त्री म्हणतो, मी उभे करून देतो. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. पण तिघांपैकी हिशेब कोणीच मांडलेला नसतो.

तो हिशेब या अंकात मांडायचा आहे. विषय लहान वाटेल. हमीभाव, कर्ज, आयात-निर्यात असे मोठे विषय सोडून एका जुन्या लोखंडावर अग्रलेख कशाला, असेही कोणी म्हणेल. पण शेतकऱ्याची लूट फक्त बाजार समितीच्या ओट्यावर होत नाही. घरातली चालती वस्तू मातीमोल भावात जाते तेव्हाही ती होते. आणि मेलेली वस्तू जिवंत करण्याच्या हट्टात सावकाराचे पैसे ओतले जातात तेव्हाही होते. दोन्हीकडून पैसा शेतकऱ्याच्याच घरातून बाहेर जातो.

हे लोखंड आले कोठून?

इंग्लंडात डर्सली गावच्या लिस्टर कारखान्याने १९३० च्या सुमारास मंद गतीचे, दोन जड चाकांचे डिझेल इंजिन बाजारात आणले. पाच-सहा हॉर्सपॉवरचे हे यंत्र मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेई. जाडजूड, साधे आणि चिवट. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच घाटाची इंजिने बनवली आणि ती देशभर गेली. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३३ साली डिझेल इंजिन बनवले. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. त्यांचे मिनिटाला पंधराशे फेऱ्यांचे, पाच हॉर्सपॉवरचे लहान इंजिन तर गावोगाव इतके पसरले की कोणत्याही कंपनीच्या इंजिनाला लोक ‘किर्लोस्कर’ म्हणू लागले.

१९७२ च्या दुष्काळानंतर आपल्या भागात विहिरी खोदल्या गेल्या. विहिरीमागोमाग इंजिन आले. बहुतेकांनी ते भूविकास बँकेच्या कर्जावर घेतले. सातबाऱ्यावर बोजा चढला, पण विहिरीचे पाणी मोटेवाचून वर आले. त्या बँका पुढे बुडाल्या, अवसायनात गेल्या. २०२२ साली सरकारने त्यांच्या थकबाकीदारांचे कर्ज माफ केले. ज्यांच्या घरी त्या काळातले इंजिन आहे त्यांनी पहिले काम हे करावे, की तलाठ्याकडून ताजा सातबारा काढून जुना बोजा खरोखर उतरला आहे की नाही ते पाहावे. इंजिन मोडीत गेले आणि बोजा तसाच राहिला, तर त्यासारखी दुसरी थट्टा नाही.

पहिला प्रश्न इंजिनाचा नाही, पाण्याचा आहे

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? इंजिन दुरुस्त करायचे की नाही, याचे अर्धे उत्तर विहिरीत आहे. भाद्रपदात, पाऊस ताणलेला असताना विहिरीत किती तास उपसा होईल एवढे पाणी असते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ते खरे खरे सांगा. दोन तासांत विहीर कोरडी पडत असेल आणि पुन्हा भरायला दोन दिवस लागत असतील, तर मोठ्या इंजिनाचा उपयोग नाही. पण शेजारून नाला वाहतो, जवळ बंधारा आहे, किंवा २०१६ नंतरच्या योजनेतून शेततळे झाले आहे, तर गोष्ट वेगळी. इंजिन बैलगाडीत घालून पाण्यापर्यंत नेता येते. विजेचा खांब काही नेता येत नाही.

आता किती पाणी लागते ते पाहू. एका एकरावर दोन इंच पाणी द्यायचे म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. पंप सेकंदाला पाच लिटर फेकत असेल तर तासाला अठरा हजार लिटर होतात. म्हणजे एका एकराला अकरा तास. पाच हॉर्सपॉवरचे बरे इंजिन तासाला लिटरभर डिझेल खाते. जुने, झिजलेले असेल तर सव्वा लिटर धरू. २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलच्या दरावरचे नियंत्रण काढले. लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास धरू. म्हणजे एकराच्या एका पाण्याला बाराशे-साडेबाराशे रुपयांचे डिझेल. सरी आड सरी पाणी दिले तर वेळ आणि डिझेल निम्म्याच्या जवळपास येते.

हा खर्च कोणी नऊ महिने उसाला पाणी देण्यासाठी करणार असेल तर तो बुडेल. पण आपण कोरडवाहूवाले. आपल्याला बारमाही पाणी द्यायचेच नाही. आपल्याला पाऊस दडी मारतो त्या वेळी पीक वाचवायचे आहे. कपाशीची बोंडे भरताना एक-दोन पाणी, ज्वारी पोटरीत असताना एक पाणी. वर्षाचे चाळीस-पन्नास तास. जुन्या इंजिनाचा हिशेब या चाळीस-पन्नास तासांवर मांडायचा असतो.

आता रुपयांत बोलू

समजा, दोन एकर कपाशीला दोन पाणी द्यायचे. चार वेळा अकरा तास, म्हणजे ४४ तास. तासाला सव्वा लिटर धरले तर ५५ लिटर डिझेल, सुमारे ५,००० रुपये. समजा, इंजिनाच्या दुरुस्तीला १८,००० रुपये लागले आणि ती दुरुस्ती सहा वर्षे टिकली. वर्षाचा वाटा ३,००० रुपये. एकूण ८,००० रुपये.

२०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला. तो हातात पडतोच असे नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तरी मापाला तोच घेऊ. वेचणीचे किलोला दहा रुपये धरून वजा केले तर क्विंटलमागे ६,७१० रुपये उरतात. ८,००० रुपये भरून निघायला सव्वा क्विंटलच्या आत, म्हणजे एकरी साठ किलो जादा कापूस पुरतो.

एकरी साठ किलो! बोंडे भरताना तीन आठवडे पाऊस गेला आणि जमीन भेगाळली तर पात्या-फुले गळून किती नुकसान होते, हे कापूस उत्पादकाला शिकवायची गरज नाही. हलक्या जमिनीत तर साठ किलोचा प्रश्नच नसतो, सारे पीकच पणाला लागलेले असते.

ज्वारीचे पाहा. २०२५-२६ चा मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये. एका एकराच्या एका पाण्याचे डिझेल म्हणजे तेहतीस किलो ज्वारी. पोटरीतल्या पाण्याने कणसात एवढी भर पडली की डिझेल निघाले, आणि कडबा वर मिळाला. ज्याच्या दावणीला बैल आहेत त्याला कडब्याची किंमत वेगळी सांगायला नको.

हे आकडे तुमच्या शेताचे नाहीत, नमुन्याचे आहेत. तुमचा पंप कमी पाणी फेकत असेल, विहीर खोल असेल, मिस्त्री महाग असेल. तुमचे आकडे घाला आणि पुन्हा मांडा. पण मांडा. तोंडी हिशेबात शेतकरी नेहमी हरतो.

आणि एक आकडा विसरू नका. दुरुस्तीचे १८,००० रुपये सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिन्याने काढले तर वर्षाचे व्याजच ४,३२० रुपये होते. म्हणजे दुरुस्तीच्या वर्षाच्या वाट्याहून व्याज जास्त. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे: इंजिन कर्ज काढून दुरुस्त करू नका. घरचे पैसे असतील, चार भागीदार असतील, तरच हात घाला.

इंजिन खरेच मेले आहे काय?

पुष्कळदा इंजिन चांगले असते आणि दोष दुसरीकडेच असतो. पाणी कमी येते, डिझेल जास्त जाते, की सगळे म्हणतात इंजिन गेले. आधी फूट व्हॉल्व्ह पाहा. त्याची जाळी बुजली असेल, भोके बारीक असतील, तर पंपाचे निम्मे बळ पाणी आत ओढण्यातच जाते. अरुंद गंजका पाइप, नको तेथे दिलेले बेंड, गरज नसताना उंच चढवून खाली सोडलेली डिलिव्हरी, पंपाचा झिजलेला पंखा, या सगळ्यांचे डिझेल इंजिनाच्या नावावर चढते. फूट व्हॉल्व्ह आणि पाइप बदलायला इंजिन खोलावे लागत नाही.

दुसरी चूक थंड पाण्याची. पंपाचे पाणी सरळ इंजिनातून फिरवून सोडायची आपल्याकडे रीत आहे. इंजिन गार राहिले की बरे, अशी समजूत. खरे तर जास्त गार झालेले इंजिन जास्त डिझेल खाते आणि लवकर झिजते. बाहेर पडणारे पाणी चांगले ऊन लागले पाहिजे. त्यासाठी कॉक थोडा आवळायचा, एवढेच. आणि तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी ओतायचे नाही. हेड तडकते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक रोग असतो. पाण्यातले क्षार इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत बसतात, वाट बुजते आणि इंजिन तापते. ते साफ केले की पुष्कळ इंजिने पुन्हा नीट चालतात.

आता इंजिन स्वतः तपासा. मिस्त्री येण्याआधी एवढे घरीच होते.

डिकॉम्प्रेशनचा दांडा उचलून चाक हाताने फिरवा. चाक हलतच नसेल तर घण मारू नका. नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडे डिझेल सोडा, चार दिवस जाऊ द्या, मग पुढे-मागे हलवून पाहा. चाक फिरू लागले की दांडा सोडा. दाब येऊन चाक मागे उसळले तर रिंगा आणि व्हॉल्व्ह बरे आहेत. नुसते गळल्यासारखे फिरले तर दाब जातो आहे. तेल तपासायच्या काडीवरचे तेल ताकासारखे पांढरे दिसले तर आत पाणी शिरले आहे. गॅस्केट, हेड किंवा लायनरकडे संशय धरा.

इंजिन चालू होत असेल तर धूर पाहा. काळा धूर म्हणजे नोझल बिघडला आहे किंवा ओझे जास्त आहे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, रिंगा-लायनर झिजले. पांढरा धूर तापल्यावरही जात नसेल तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, दाब कमी आहे किंवा पाणी शिरते आहे. खालून ठक-ठक आवाज येत असेल तर क्रँकची बेअरिंगे सैल झाली आहेत. तो आवाज घेऊन इंजिन चालवत राहिलात तर एक दिवस क्रँकच जाईल.

नोझल, फिल्टर, गॅस्केट, रिंगा, व्हॉल्व्ह घासणे, हे किरकोळ काम. लायनर-पिस्टन बदलणे मधले काम. क्रँक घासून घेणे, तडकलेला ब्लॉक सांधणे, हे जड काम. पहिल्या दोहोंत पैसा घालायला हरकत नाही. तिसऱ्यात दहा वेळा विचार करा. ब्लॉक तडकला असेल तर विचारही करू नका, विका.

आणि मिस्त्रीकडून कामाची यादी लेखी घ्या. कोणता भाग बदलणार, कोणता घासणार, सामानाचे किती, मजुरीचे किती. जुने काढलेले भाग परत मागा. चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही. ज्याला राग येतो त्याच्याकडे काम देऊ नका.

कोणी ठेवावे, कोणी विकावे

राजकोटच्या घाटाचे मंद गतीचे इंजिन, किंवा किर्लोस्करचे ते पंधराशे फेऱ्यांचे, यांचे सुटे भाग आजही मिळतात. तालुक्याच्या गावी त्याचा जाणकार सापडतो. ज्या कंपनीचे नाव आता कोणाला आठवत नाही, जिचा पिस्टन शोधायला चार जिल्हे फिरावे लागतात, ते इंजिन कितीही सुंदर असो, भर हंगामात ते तुम्हाला दगा देईल.

ज्याच्याकडे पाणी आहे पण वीज नाही, किंवा पैसे भरूनही जोडणी मिळालेली नाही, त्याने ठेवावे. ज्याच्याकडे वीज आहे, पण रोहित्र जळले की आठवडे जातात आणि आठवड्याआड रात्रपाळीची वीज येते, त्यानेही हिशेब करावा. रात्री दोनला साप-विंचवाच्या रानात उतरून पाणी देणे, हे काम घरात कोणाच्या वाट्याला येते? त्याला, नाही तर तिला, विचारल्याशिवाय इंजिन विकू नका.

ज्याच्या विहिरीवर सौर पंप बसला आहे आणि नीट चालतो आहे, त्याने विकायला हरकत नाही. २०२४ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के भरावे लागतात. अडीच एकरापर्यंत तीन, पाच एकरापर्यंत पाच आणि त्यावर साडेसात हॉर्सपॉवर, असे तिचे माप आहे. पावसाने दडी मारलेली असते तेव्हा ऊन असतेच, आणि उन्हाला डिझेलचे पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र अर्ज केला म्हणजे पंप आला असे समजू नका. पंप बसेपर्यंत, त्याचे एक वर्ष पाहीपर्यंत, इंजिनाला धक्का लावू नये. कागदावरच्या पाण्याने कपाशी भिजत नाही.

ज्याला वर्षात दहा तासही इंजिन लागत नाही, त्याने विकावे आणि गरजेला भाड्याने आणावे. आणि कडबाकुट्टी, मळणी यंत्र, गिरणी यांना पट्टा लावून ज्याचे इंजिन बारा महिने कामाला येईल, त्याने केवळ पाण्याचा हिशेब करू नये. त्याचे तास वेगळे, कमाई वेगळी.

आमचा एक ठोकताळा आहे. दुरुस्तीचा खर्च त्याच ताकदीच्या नव्या इंजिनाच्या निम्म्या किमतीवर जात असेल तर दुरुस्ती करू नये. निम्म्याच्या आत असेल आणि वर्षाला तीस-चाळीस तासांचे खरे काम असेल तर करावी.

विकायचेच, तर भंगारात नको

भंगारवाला केव्हा येतो? मृगाच्या तोंडावर. बियाणे-खताला पैसे हवे असतात तेव्हा. त्याला तुमची नड माहीत असते. दोन चाकांचे जुने इंजिन तीनशे किलोच्या वर भरते. समजा, साडेतीनशे किलो भरले आणि किलोला तीस रुपये मिळाले, तर १०,५०० रुपये. २०२५ च्या हंगामात कपाशीच्या बीजी-दोन पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. म्हणजे पिढीभर चाललेले इंजिन देऊन हातात बियाण्याची अकरा पाकिटे. भंगारवाला अंदाजाने वजन धरतो, म्हणून वजनकाट्यावर नेल्याशिवाय देऊ नका.

हेच इंजिन किरकोळ दुरुस्ती करून, हँडल मारून, पाणी ओतताना दाखवले, तर ते लोखंडाच्या भावाने जात नाही, यंत्राच्या भावाने जाते. आणि ते भाद्रपद-आश्विनात दाखवावे, जेव्हा पाऊस ताणतो आणि गरजू शेतकरी स्वतः शोधत येतो. एकाच वस्तूचे ज्येष्ठातले आणि भाद्रपदातले भाव वेगळे असतात. कापूस घरात ठेवायचा की दिवाळीआधी विकायचा, या प्रश्नाहून हा प्रश्न वेगळा नाही.

एक गोष्ट आणखी. विकण्याआधी इंजिनावरची पाटी घासून वाचा. लिस्टर-डर्सली, पेटर-येओव्हिल, रस्टन-लिंकन अशी मूळ विलायती पाटी असेल तर घाई करू नका. विलायतेत अशी जुनी इंजिने जमवून, दुरुस्त करून मेळाव्यात चालवून दाखवणारी हौशी मंडळी पुष्कळ आहेत. आपल्याकडेही काही जण अशा वस्तू घेतात. म्हणून लाखोंची स्वप्ने पाहू नका. पण पाटीसकट, मूळ भागांसकट असलेले यंत्र भंगारात तोडायला देण्याआधी चार ठिकाणी विचारायला काय हरकत आहे?

इंजिन सामाईक असेल तर सर्व भावांची, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही, संमती घ्या. दहा हजारांच्या लोखंडावरून दहा वर्षांचे वैर घेतलेली घरे आपण पाहिली आहेत. आणि घरचा कर्ता गेला की दारात पहिला येतो तो सावकार आणि दुसरा भंगारवाला. अशा घरातल्या मायबहिणीला गावातल्या शेतकऱ्यांनी एवढा तरी आधार द्यावा. इंजिन तपासून द्यावे, वजन करून द्यावे, आणि वर्ष होईपर्यंत काही विकू नको, असे सांगावे.

जीव गेला तर हिशेब कोणाचा?

दुरुस्तीच्या उत्साहात एक गोष्ट विसरली जाते. पंप वरून सहा-सात मीटरपेक्षा खोल पाणी ओढू शकत नाही. म्हणून खोल विहिरीत इंजिन-पंप खाली फळीवर नाही तर ओट्यावर उतरवतात. इंजिनाचा धूर विहिरीत साठतो. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. खाली उतरलेला माणूस पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी परीक्षा या वायूला लागू पडत नाही. कंदील जळत राहतो आणि माणूस मरतो.

म्हणून इंजिन विहिरीत चालवायचेच असेल तर धुराची नळी काठाच्या वर काढल्याशिवाय चालवू नका. चालू इंजिनाजवळ उतरू नका. बंद केल्यावरही लगेच उतरू नका. कोणी खाली पडलेच तर दोर बांधल्याशिवाय त्याच्या मागे उडी घेऊ नका. ज्याच्या विहिरीत हे जमत नाही त्याच्यासाठी आमचा सल्ला एकच आहे: कितीही स्वस्त पडले तरी ते इंजिन तेथे नको. पट्ट्यालाही जाळी लावा. लुगड्याचा पदर आणि धोतराचा सोगा त्याला सारखाच.

बैठकीला येताना

एका गावात अशी पाच-सात इंजिने पडलेली असतात. त्यांतली दोन चांगली निघतात, दोन सुट्या भागांना उपयोगी पडतात, उरलेली खरोखर मोडीची असतात. प्रत्येकाने एकट्याने निर्णय घेतला तर सातही भंगारात जातात. सातजण एकत्र बसले तर दोन इंजिने उभी राहतात, पाळी ठरते, तासाचा दर ठरतो, आणि पाऊस ताणला तर वीस-पंचवीस एकरांना एक पाणी मिळते. यासाठी सरकारची परवानगी लागत नाही, अनुदानही लागत नाही. एक वही लागते आणि एक प्रामाणिक मिस्त्री लागतो.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावात किती इंजिने पडली आहेत, कोणत्या बनावटीची, चाक फिरते की नाही, जवळ पाणी किती तासांचे, आणि मिस्त्रीने लेखी सांगितलेला खर्च किती. त्या कागदावरून कोणते ठेवायचे आणि कोणते विकायचे ते बसून ठरवू. विकायची ती एकत्र, वजनकाट्यावर, चार गिऱ्हाइके बोलावून विकू. ठेवायची ती भाद्रपदाच्या आधी चालू करू.

आजोबांची आठवण म्हणून लोखंड सांभाळणे ज्याला परवडते त्याने जरूर सांभाळावे. त्याला कोणी नावे ठेवू नये. पण आजोबांनी ते इंजिन आठवणीसाठी घेतले नव्हते, कपाशी वाचवण्यासाठी घेतले होते. ते काम त्याच्याकडून होत असेल तर ते करून घ्या. होत नसेल तर चांगला भाव घेऊन त्याला निरोप द्या, आणि आलेला पैसा पुन्हा पाण्यातच घाला: विहिरीचा गाळ काढा, पाइप घ्या, सौर पंपाचा हिस्सा भरा.